गावाच्या माळावर खदान येतेय, इथे काय काय जगतं ते कागदावर कसं आणू?

धारेखालचा
राम राम मंडळी. गाव साक्री तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची लांब धार आहे, आपल्या धुळे-नंदुरबारकडे जिकडे तिकडे भिंत बांधल्यासारख्या दिसतात ना तशी, तिथे खदान आणि खडी क्रशर होणार, अर्ज गेलाय म्हणे. खाली माळ आहे, कुसळी गवत, बोरी, हिवर, तरवड, बाकी खडकच. मे महिन्यात दोन जण गाडीतून आले, चार फोटो काढले आणि अर्ध्या तासात गेले. वडील पण म्हणता आठे काय शे, नुसता खडक. पण मी स्वतः खोकड पाहिलंय तिथे, आणि ठेलारी मेंढ्या घेऊन बसतात ते तर लांडग्याचं रोज सांगतात. मी बीकॉमवाला, पक्ष्यांमध्ये मला कावळा आणि टिटवी. सुरुवात कुठून करू?

माळभटक्या
मे महिन्यात माळ बघणं म्हणजे लग्न आटोपल्यावर मांडव बघायला जाणं. पावसात जा, मारवेल-कुसळी गुडघ्याएवढी असते, चंडोल वर जाऊन गात असतो. धाविक आणि माळटिटवी घरटं बांधतच नाहीत, उघड्या जमिनीवर अंडी, खड्याच्या रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत, म्हणून बघून चाला. मग थंडीत भोवत्या (शिकारी पक्षी) येतात पार मध्य आशियातून, दिवसभर गवतावरून खाली खाली उडतात आणि रात्री झाडावर नाही, गवतातच जमिनीवर बसतात. म्हणजे गवत गेलं की त्यांची झोपायची जागाच गेली. लांडग्याची पिल्लं पण थंडीतच. प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, मोबाईलचा लोकेशनवाला फोटो, ठसा किंवा विष्ठा दिसली तर बाजूला पेन ठेवून फोटो. पक्षी ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाक, नाव कळलं नाही तर इथे टाक, भांडून का होईना सांगतील.

खडीवाला_नाही
सगळं ठीक आहे पण घर बांधायला खडी आकाशातून पडते का? आमच्याकडे क्रशरवर वीस पोरं कामाला आहेत. लांडग्याने बकरी नेली की हेच लोक बोंबलतात.

माळभटक्या
खडी लागतेच भाऊ, माझं घर पण त्याच दगडाचं आहे. कुठली धार फोडायची एवढंच विचारतोय. आणि नंतर भरपाई म्हणून माळावर खड्डे खोदून ग्लिरिसिडिया लावतात ते मला खदानीपेक्षा जास्त डोक्यात जातं, गवताच्या प्राण्याला झाडीत काय करायचंय?

तापीकाठ
कागदाचं बघा. 2012 च्या सुप्रीम कोर्टाच्या दीपक कुमार निकालानंतर 5 हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्याला पण पर्यावरण मंजुरी लागते, अर्ज परिवेश पोर्टलवर (पर्यावरण मंजुरीची सरकारी वेबसाइट) शोधा, त्यात 'वन्यजीव' समोर काय लिहिलंय ते आधी वाचा. लांडगा आणि चिंकारा दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. साक्रीचा काही भाग अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतो, तुमचं गाव त्यात असेल तर 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आधी लागते. आणि खोट्या नोंदीने काय होतं ते आपल्या वनपिंगळ्यालाच (छोटं जंगली घुबड) विचारा. 1884 नंतर कोणाला दिसला नाही, मध्ये एका इंग्रज कर्नलने चोरलेला जुना नमुना 1914 साली गुजरातेत मिळाला असं लेबल लावून ठेवलं, तो खोटेपणा उघडा पडल्यावर शोधणाऱ्यांनी ते ठिकाण सोडलं आणि 1997 मध्ये पक्षी आपल्या शहाद्याजवळ सापडला. (तुमच्या माळावर शोधू नका, त्याला सागाचं जंगल लागतं.)

धारेखालचा
काल एका ठेलारी बाबांना घेऊन गेलो. धारेच्या मागे दगडाखाली बीळ दाखवलं, बाहेर हाडं, केस. फोटो टाकलाय, लोकेशन पण दिलंय खाली.

माळभटक्या
अरे आधी ते लोकेशन उडव इथून! बीळ कुठे आहे हे तुला, बाबांना आणि वनखात्याला माहीत असलं की बास. आणि बाबांना विचार तरस पण येतं का, त्या विष्ठेचा रंग मला पांढरा वाटतोय.