किनशिप म्हणजे भाऊबंद की सोयरे?

समाजशास्त्राचा एक उतारा मराठीत आणताना ‘किनशिप’ या नात्यागोत्याच्या इंग्रजी शब्दावर अडले. आधी ‘नातेसंबंध’ लिहिले, दुसऱ्या दिवशी खोडले. हल्ली नातेसंबंध म्हटले की डोळ्यांपुढे नवराबायको नाहीतर प्रेमातली दोघे येतात. चुलते, मावश्या, आतेभावंडे येत नाहीत.

खरी अडचण अशी की आपण नातलग दोन गटांत मोजतो. भाऊबंद एका कुळातले, सोयरे लग्नाने जोडलेले. घरात कोणी गेले की फरक लगेच कळतो : भाऊबंदांना दहा दिवसांचे सुतक, सासरी गेलेल्या लेकीला तीनच. भाऊबंदांत शेताचा बांध आणि वाटणी येते, म्हणून ‘भाऊबंदकी’चा अर्थच भांडण होऊन बसला. सोयरिकीला तो डाग लागला नाही.

‘सगेसोयरे’ हा बोलण्यातला सैल जोडशब्द. पण २०२४च्या जानेवारीत मराठा आरक्षणासंबंधीच्या सरकारी मसुद्यात त्याची व्याख्या करावी लागली : अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत सजातीय लग्नांतून जुळलेले नातेवाईक. एका शब्दाच्या व्याप्तीवर इतक्या लोकांचे जातीचे दाखले अवलंबून असतात!

मला उत्तर मिळाले ते नाशिकला, रामकुंडावर. पितृपक्षात भाऊ पिंड देत होता, मी शेजारी बसून नावे सांगत होते. गुरुजींनी आधी गाव आणि आडनाव विचारून वही काढली. तीत आजोबांची मोडीतली सही निघाली, त्यांच्या भावांचीही. ही वही भाऊबंदांची. पिंडांची यादी मात्र पुढे जात राहिली : आईचे वडील, मामा, आत्या, मावशी, सासरे, गुरू. शेवटी गुरुजी म्हणाले, “आता आप्त. कोणी शेजारी, मित्र, ज्यांची आठवण येते ते.” आम्ही पंचवटीतल्या जुन्या वाड्यातल्या काकूंचे नाव घेतले. त्यांचे आमच्याशी रक्ताचे काही नव्हते. आई आजारी असताना दोन वर्षं आम्ही त्यांच्याच घरी जेवलो.

‘आप्त’ हा ‘आप्’ म्हणजे मिळणे या धातूपासून आलेला. भाऊबंद आणि सोयरे दोघेही त्यात बसतात, आणि काकूही. म्हणून उताऱ्यात ‘आप्तसंबंध’ ठेवला.

सगळीकडे तो चालणार नाही. एखाद्या अनोळखी माणसाबद्दल ‘किनशिप’ वाटते, तिथे साधा ‘आपलेपणा’ हवा. मराठी आणि कोकणीच्या ‘किनशिप’बद्दल लिहायचे तर दोघी एका कुळातल्या म्हणावे, तिथे आप्तसंबंध फारच अवघडून बसतो.