खोऱ्यापुरता पूर-दुष्काळाचा अंदाज: कामाचा की नुसता कागद?

गाळमाती: कुठल्याही खोऱ्याचा हवामान बदलाचा रिपोर्ट उघडा, २०५० पर्यंत पूर इतक्या टक्क्यांनी वाढणार असं छातीठोक लिहिलेलं असतं. अरे, हवामानाचं जागतिक मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशोब करतं, एक चौकोन साधारण १०० किमीचा, त्यात छोटं खोरं अख्खं मावतं, डोंगराच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे कोरडं हे त्याला दिसतच नाही, मग डाउनस्केलिंग (मोठ्या चौकोनाचा अंदाज छोट्या भागावर उतरवणं) करा, बायस करेक्शन (मॉडेलची नेहमीची चूक काढणं) करा, ते पुन्हा नदीच्या मॉडेलमध्ये घाला, दर पायरीला घोळ वाढतो. त्यापेक्षा तो पैसा नदीवर गेज (पाण्याची पातळी मोजायचं यंत्र) बसवायला द्या.

ढगफुटका: गेज हवेतच, पण नुसत्या जुन्या नोंदींनी काय दिवे लागले? अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं पाणीवाटप १९२२ ला ठरलं ते नेमकं ओल्या वर्षांच्या आकड्यांवर, कागदावर वाटलेलं तेवढं पाणी नदीत नाहीच, भांडणं अजून चालू. आणि जर्मनीतली आर नदी बघा. १८०४ आणि १९१० ला मोठे पूर येऊन गेलेले, पण गेजच्या नोंदी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, म्हणून धोक्याच्या नकाशात ते धरलेच नाहीत. २०२१ ला पूर आला तेव्हा तिच्या काठच्या अल्टेनआरचं गेजच वाहून गेलं! शिवाय हवा १ अंशाने तापली की बाष्प ७ टक्के जास्त धरते, म्हणजे जुनी सरासरी पुढे चालेल हे विसराच.

गाळमाती: बाष्प ७ टक्के वाढलं म्हणून पूर ७ टक्के वाढतो का राव? माती कोरडी असली तर पहिला पाऊस तीच पिते. युरोपात १९६० ते २०१० च्या नोंदींत वायव्येला पूर वाढलेत आणि पूर्वेला चक्क कमी झालेत, बर्फ कमी साठतो म्हणून. काही खोऱ्यांत तर पूर वाढणार की घटणार यावरच मॉडेलांचं जमत नाही, आणि रिपोर्टमध्ये त्यांची सरासरी काढून मोकळे.

कोरडा_विनोद: तुम्ही दोघं ५ दिवसांचा अंदाज आणि ५० वर्षांचा अंदाज एकाच पोत्यात भरताय. पहिला खरंच सुधारलाय, गूगलवाल्यांचं २०२४ चं काम बघा, गेज नसलेल्या नद्यांचाही अंदाज देतात (शिकवायला मात्र दुसऱ्या नद्यांचे गेज लागलेच, हे गाळमातींसाठी). आणि दुष्काळावर कोणीच बोलत नाही, पूर फोटोत येतो ना. एसपीआय हा दुष्काळ मोजायचा निर्देशांक नुसता पाऊस मोजतो. पाऊस तेवढाच पडला पण उन्हाने जमिनीतली ओल उडाली, तर एसपीआय म्हणणार सगळं ठीक, आणि शेत करपलेलं. तापमान धरणारा एसपीईआय २०१० पासून आहे, तरी रिपोर्टात जुनाच.

ढगफुटका: पटलं. म्हणून म्हणतो एक आकडा देऊ नका, रेंज द्या.

गाळमाती: द्या की रेंज. टेंडरमध्ये पूर अडवणाऱ्या भिंतीची उंची २ ते ५ मीटर अशी लिहिता येते का?

कोरडा_विनोद: पाया ५ च्या हिशोबाने घाला, भिंत आत्ता २ ची बांधा, वर जागा सोडा. पायाला आत्ता थोडा खर्च जास्त येईल, नंतर सगळं पाडून बांधण्यापेक्षा कमीच.