मदत हवी आहे : वापरलेली पोर्शे नाइन इलेव्हन घेऊ की नको? इंजिनची भीती वाटतेय

कारवेडा
मंडळी जरा घाईत आहे. काल एक वापरलेली नाइन इलेव्हन बघितली, करेरा एस, चालवून आलो तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. ६८,००० किमी झालेत, सर्व्हिस बुक पूर्ण, रंगाला ओरखडा नाही. पण जिथे वाचावं तिथे आयएमएस बेअरिंग (इंजिनमधल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग) जातं आणि मग इंजिनच जातं असं लिहिलेलं असतं. विकणारा म्हणतो या गाडीत तो प्रॉब्लेम नाही. खरं आहे का एवढंच सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय.

तिसरा_गियर
कुठल्या वर्षाची?

कारवेडा
करेरा एस लिहिलंय ना वर. ३.८ लिटर, मॅन्युअल.

तिसरा_गियर
अहो ३.८ इंजिन २००५ पासून पुढे दहाहून जास्त वर्षं चाललं, आणि मधे २००९ च्या मॉडेलला अख्खं इंजिन नवीन आलं, त्यात ती इंटरमीडिएट शाफ्टच नाही त्यामुळे बेअरिंगचा विषयच संपतो. वर्ष सांगितल्याशिवाय काय सांगणार?

कारवेडा
२००७

गॅरेजकाका
मग घेतल्या घेतल्या बेअरिंग बदलून टाका. माझ्याकडे ९९६ (याच्या आधीची नाइन इलेव्हन) होती, क्लच काढलाच होता तेव्हा त्याच कामात बेअरिंगही नवीन घातलं, नंतर सहा वर्षं निर्धास्त चालवली. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

तिसरा_गियर
काका, ९९६ ला ते बाहेरून निघतं. २००५ च्या मध्यानंतर मोठं बेअरिंग आलं, ते इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय निघतच नाही. पण ते मोठं बेअरिंग जातंही क्वचितच. म्हणजे विकणारा अगदीच खोटं बोलत नाहीये, पण तुम्ही चुकीचा प्रश्न विचारताय. २००७ च्या ३.८ ला खरी भीती बोअर स्कोअरिंगची. सिलिंडरच्या भिंतीवर उभे चरे पडतात, बहुतेक वेळा सहा नंबरच्या सिलिंडरपासून सुरुवात होते, मग ऑइल खाते, टिकटिक आवाज येतो, आणि सायलेन्सरची एका बाजूची तोंडं दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त काळी दिसतात. बोट फिरवून बघितलंत का?

कारवेडा
नाही बघितलं. आवाज तर मस्त होता, टिकटिक वगैरे काही नाही

तिसरा_गियर
गेलात तेव्हा इंजिन गार होतं का?

कारवेडा
नाही, गरम होतं. त्याने सकाळीच एक चक्कर मारून आणली म्हणे.

गॅरेजकाका
इथेच सावध व्हा. गाडी दाखवायच्या आधी कोणी तापवून ठेवत असेल तर मी परत जातो आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला स्वतः स्टार्टर मारतो. बाकी बेअरिंगबद्दल माझं मत तेच, क्वचित जातं म्हणजे जातंच ना.

व्ही_आठ
एवढा त्रास कशाला घेताय, सरळ बीएमडब्ल्यूची ई९२ एम थ्री बघा. ४ लिटर व्ही-एट, मिनिटाला ८,३०० फेऱ्यांपर्यंत फिरतं, मागे दोन माणसं नीट बसतात. मी चार वर्षं चालवतोय.

तिसरा_गियर
आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग? थ्रॉटल अॅक्च्युएटर (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपांची मोटर)? एक दुखणं सोडून दुसरं घ्यायला सांगताय.

व्ही_आठ
रॉड बेअरिंग वेळेवर बदलायची वस्तू समजायची, खालून ऑइल पॅन काढून बदलता येतात, इंजिन उतरवावं लागत नाही. १०डब्ल्यू-६० ऑइल घालायचं आणि गरम होईपर्यंत पिळायचं नाही. सिलिंडरला चरे पडले तर ते काय खालून बदलणार?

निळी_छत्री
टायरची तारीख बघितली का? बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे टायर नक्षी भरपूर असूनही आतून कडक झालेले असतात, ओल्या रस्त्यावर मागचं चाक कधी सुटेल कळत नाही.

कारवेडा
टायरचं नंतर बघतो हो, मला इंजिनचं सांगा कोणीतरी. नेमकं काय करू?

तिसरा_गियर
तीन गोष्टी. गार स्टार्ट. मग स्कोप (सिलिंडरच्या आत घालायचा बारीक कॅमेरा), आणि तो फक्त स्पार्क प्लगच्या भोकातून वरवर नको, पिस्टन खाली नेऊन भिंत पूर्ण दिसली पाहिजे, शक्य असेल तर ऑइल पॅन काढून खालूनही, कारण चऱ्यांची सुरुवात खाली होते. तिसरं, इंजिन कॉम्प्युटरचा ओव्हर-रेव्ह रिपोर्ट, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर किती फिरलं त्याची नोंद. मॅन्युअल आहे म्हणून मुद्दाम सांगतोय, पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला तर लिमिटर (इंजिनला मर्यादेबाहेर फिरू न देणारी यंत्रणा) काहीच करू शकत नाही, चाकंच इंजिन फिरवतात. ९९७ मध्ये, म्हणजे तुमच्या पिढीच्या गाडीत, त्याच्या सहा रेंज असतात, आकडा जितका मोठा तितकं इंजिन जास्त फिरलेलं, चारच्या पुढे आकडे दिसले आणि तेही अलीकडच्या तासांचे असले तर सोडून द्या. त्याच रिपोर्टमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं ते येतं, ६८,००० ला त्याने भागा. सरासरी वेग फारच कमी आला तर मीटरबद्दल शंका घ्या.

निळी_छत्री
आणि रोज चालवणार की फक्त रविवारी? छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन तापतच नाही, या इंजिनांना तेच सोसत नाही.

कारवेडा
अपडेट. रिपोर्ट काढू दिला त्याने. रेंज एक आणि दोनमध्ये आकडे आहेत, तीनपासून सहापर्यंत शून्य. एकूण १,५१० तास, म्हणजे ताशी ४५ च्या आसपास. काजळी दोन्हीकडे सारखीच वाटली. स्कोपला मात्र आधी नाही म्हणाला, मी म्हटलं मग राहू दे, तर दुपारी फोन करून शनिवारी या म्हणाला. हो-नाही त्यानंतरच सांगणार. आणि टायर २०१४ चे निघाले.

तिसरा_गियर
शनिवारी सहाव्या सिलिंडरचे फोटो टाका. आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करू नका असं त्याला आत्ताच सांगून ठेवा.