दिवाळीचे फटाके आणि घाबरणारं कुत्रं: जवळ घेतल्याने भीती खरंच वाढते का?

शेवंती (धागाकर्ती)

दसरा झाला की आमच्याकडे फराळाच्या आधी एक तयारी सुरू होते. बिनमिठाचं चिकन उकडायचं, नखाएवढे तुकडे करायचे आणि डबा भरून फ्रीजमध्ये ठेवायचा. हे चिकन आमच्या चिंगीला वर्षात फक्त या वीस दिवसांत मिळतं, आणि तेही फक्त आवाज झाल्यावर.

चिंगी रस्त्यावरून उचलून आणलेली, आता सहा वर्षांची आहे. तिच्या पहिल्या दिवाळीत नरक चतुर्दशीला पहाटे पाचला मी तिला नेहमीसारखी खाली फिरायला नेलं. अभ्यंगस्नान उरकून पोरं फटाके घेऊन खाली उतरतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. समोरच्या इमारतीपाशी सुतळी बॉम्ब फुटला. तिने मान मागे खेचून गळ्यातला पट्टा सोडवला आणि पळाली. साडेतीन तासांनी एका पार्किंगमध्ये गाडीखाली सापडली. नखं घासून रक्त आलं होतं आणि मला बघूनही ती बाहेर येईना.

तेव्हा ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं: "घाबरली की जवळ घेऊ नका. लाड केलेत तर भीती वाढेल." पुढच्या दोन दिवाळ्या मी ते पाळलं. ती न्हाणीघराच्या दाराशी थरथर कापायची आणि मी पाठ फिरवून चकल्या तळत बसायचे. त्याची आजही लाज वाटते. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. 'बस' म्हटल्यावर कुत्रं बसलं आणि खाऊ मिळाला, तर ते पुन्हा बसेल, कारण बसणं त्याच्या हातात आहे. काळीज धडधडणं त्याच्या हातात नसतं. दाढ दुखणाऱ्या पोराला मांडीवर घेतलं म्हणून त्याची दाढ जास्त दुखत नाही. चिंगी अंगाला चिकटून बसली तर तिला बसू द्यायचं, लपली तर लपू द्यायचं. ओढून मांडीवर घेऊ नये, तसं ढकलूनही देऊ नये.

आमची पद्धत सांगते. फोनवर फटाक्यांचा आवाज लावायचा, तोही इतका हळू की तिचा फक्त कान वळला पाहिजे. आधी आवाज, लगेच तुकडा. हा क्रम फार जपावा लागतो. आधी चिकन दाखवून मग आवाज काढलात, तर चिकन दिसलं तरी तिला धास्ती वाटायला लागेल. दोन मिनिटं, पाच-सहा वेळा, पुरे. मधेच ती भूक नसताना ओठ चाटायला लागली, झोप नसताना जांभई द्यायला लागली किंवा तुकडा नेहमीपेक्षा हिसकून घ्यायला लागली, तर आवाज जास्त झाला असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी कमी करायचा. ही पद्धत सुरू केल्याच्या तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा असं झालं की लांब कुठेतरी माळ फुटली आणि चिंगी दाराकडे पळायच्या ऐवजी स्वयंपाकघराकडे, डब्याकडे बघायला लागली. मी ओट्याशी उभी राहून रडले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फिरणं दुपारी चारलाच उरकतो, गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस दोन्ही घालून. पट्ट्यावर माझा फोन नंबर असतो. रात्री मधल्या खोलीत गादी, पडदे ओढलेले, पंखा जोरात, रेडिओ चालू, आणि प्रत्येक धडामला एक तुकडा. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या स्टेफनी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांबद्दल १,२२५ पालकांच्या उत्तरांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आवाजापाठोपाठ खाऊ किंवा खेळ देण्याचा उपयोग झाला असं तो करून बघणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं. ही उत्तरं पालकांनी दिलेली आहेत, प्रयोगशाळेतली मोजणी नाही, हे लक्षात ठेवूनही मला तो आकडा मोठा वाटतो.

तुमचे अनुभव सांगा. विरोधातले असले तरी हवे आहेत.

घाटमाथा

ताई, तुमची माया कळते, पण मी सहमत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कारवान जातीची कुत्री आहेत. आजोबांपासून एकच रीत: कुत्र्याला कुत्र्यासारखं वाढवायचं. लहानपणीच ट्रॅक्टर, थ्रेशर, लग्नातली बँड-वरात, सगळं कानावर पडू द्यायचं. सवय लागते. प्रत्येक आवाजाला खाऊ द्यायला लागलात तर राखण कोण करणार? शहरात कुत्री बाळासारखी वाढवतात आणि मग ती बाळासारखी घाबरतात. आमचा राजा रात्री वस्तीवर एकटा असतो, बिबट्याचा वावर असलेल्या भागात. त्याला आम्ही कधी गोंजारत बसलो नाही.

शेवंती

दादा, पिल्लू असताना वेगवेगळे आवाज ऐकवावेत हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या वयात जे सहज ओळखीचं झालं, ते पुढे जन्मभर उपयोगी पडतं. पण ट्रॅक्टर रोज येतो, लांबून येताना ऐकू येतो आणि ओळखीच्या माणसाबरोबर येतो. सुतळी बॉम्ब वर्षातून चार दिवस, न सांगता, कुठूनही. अशा आवाजाची बऱ्याच कुत्र्यांना सवय लागत नाही, उलट दर वर्षी धसका वाढत जातो.

एक विचारते, राग मानू नका. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गावात फटाके सुरू झाले की राजा कुठे असतो?

कसबेकर

मी फटाके उडवणारा माणूस आहे, तेव्हा माझीही बाजू ऐका. लहानपणी लवंगी माळ सोडवून एकेक लवंगी पुरवून पुरवून उडवायचो. आज माझा मुलगा तसंच करतो. वर्षभर शाळा, क्लास, मोबाइल. हे चार दिवस तो चाळीतल्या सगळ्या पोरांबरोबर खाली असतो. गणपती आले की ढोलाची तक्रार, दिवाळी आली की फटाक्यांची. सणाचा प्रत्येक आवाज कुणाला तरी खुपतोच, आणि अंगण असलेल्या बंगल्यातल्या लोकांनी आमच्या चाळीला शिकवावं याचं वाईट वाटतं.

पण शेवंतीताईंचा धागा मला आवडला. त्यांनी बंदी मागितली नाही, स्वतः मेहनत घेतली. ज्याने कुत्रं पाळलं त्याने त्याला तयार करावं. मला हे न्याय्य वाटतं.

रात्रपाळी

कसबेकर, इथेच माझा जीव जळतो. "ज्याने पाळलं त्याने तयार करावं." मग ज्याला कुणीच पाळलं नाही त्याचं काय? मी नऊ वर्षं ठाण्यात रात्री रस्त्यावरच्या कुत्र्यांना जेवण घालते. पाडव्याच्या सकाळी माझ्या ठरलेल्या बावीस कुत्र्यांपैकी आठ-दहाच जागेवर असतात. बाकीची दुसऱ्या हद्दीत पळालेली, तिथल्या कुत्र्यांनी फाडलेली. एक गेल्या वर्षी हायवेवर गाडीखाली गेली. तिला मधली खोली कोण देणार? तिच्यासाठी वीस दिवस फोनवर आवाज कोण वाजवणार?

शेवंती, तुझ्यावर राग नाही. पण प्रशिक्षणाच्या गप्पा वाढल्या की आवाज करणारा सुटतो आणि ज्याला त्रास होतो त्यालाच शिकवणी लागते. कायदा काय आहे ते तरी बघा. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायला आणि विकायला १९९९ पासून बंदी आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत रात्री आठ ते दहा अशी वेळ घालून दिली. आणि शेपटीला माळ बांधणाऱ्याला प्राण्यांशी क्रूरतेच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! वडापावसुद्धा येतो की नाही त्यात?

नेपाळमध्ये तिहारच्या, म्हणजे तिथल्या दिवाळीच्या, दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात, कपाळाला टिळा लावतात. आपण वसुबारसेला गाय-वासरू पूजतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली रोज बघतो. आणि नरक चतुर्दशीला त्यांच्याच अंगावर लवंगी फेकतो.

कसबेकर

शेपटीला माळ बांधणाऱ्याला मी स्वतः धरून पोलिसांकडे नेईन, त्यात वादच नाही. पण तो आणि फुलबाजी उडवणारं पोर एकाच पारड्यात टाकू नका. दहानंतर उडवू नये हेही मान्य. पण सरसकट बंदीला माझा विरोध आहे आणि राहील. हरित फटाके आले आहेत की, ते वापरू.

रात्रपाळी

हरित फटाके नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेने पुढे आणले ते मुख्यतः हवा कमी बिघडावी म्हणून. बार तो बारच असतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. रॉकेटच्या शिट्टीत त्याला काय काय ऐकू येत असेल, आपल्याला कल्पनाही येणार नाही.

गुलबक्षी

मला या धाग्यावर लिहावंसं वाटत नव्हतं, पण लिहिते. मी शेवंतीताईंसारखंच सगळं केलं. दोन वर्षं. आमचा लॅब्राडोर अकरा वर्षांचा आहे. पहिला आवाज झाला की तो चिकन तोंडातून खाली टाकतो. लाळेची धार, धापा, पलंगाखाली शिरायचा प्रयत्न, आणि तो पलंगाखाली मावत नाही. रात्री दीडपर्यंत मी त्याच्याशेजारी फरशीवर झोपलेली असते. असे अनुभव वाचले की वाटतं, मीच कमी पडले. प्रेमाने शिकवा, प्रेमाने शिकवा. मी प्रेम केलं नाही का?

गोठ्याचा डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. गुलबक्षी, तुम्ही कमी पडलेला नाहीत. कुत्रं खाणं नाकारतं म्हणजे भीती शिकण्याच्या पलीकडे गेली आहे. तिथे औषध लागतं, आणि औषध देणं म्हणजे प्रशिक्षणाचा पराभव नाही. ताप उतरल्याशिवाय पोर अभ्यासाला बसत नाही, तसंच हे.

ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन यांसारखी औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवर, वजनाप्रमाणे देतात. ऐन दिवाळीत पहिल्यांदा देऊ नये. आठ-दहा दिवस आधी एकदा देऊन कुत्र्यावर काय परिणाम होतो ते बघावं लागतं. आणि आवाज सुरू होण्याच्या दीड-दोन तास आधी पोटात गेलेलं असावं, थरथर सुरू झाल्यावर उपयोग कमी.

एक कळकळीने सांगतो. ॲसिप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध या कामासाठी नुसतं तेवढंच मागू नका. त्याने कुत्रं आडवं पडतं, आपल्याला शांत वाटतं. पण आत भीती तशीच असते, फक्त पळायची ताकद गेलेली असते. माणसांच्या गोळ्या घरच्या घरी अर्ध्या करून तर मुळीच देऊ नका.

तुमचं कुत्रं अकरा वर्षांचं आहे. ही भीती लहानपणापासून होती की अलीकडे वाढली? उतारवयात वाढली असेल तर कंबर आणि मागचे सांधे तपासून घ्या. दचकलं की अंग आखडतं, दुखणाऱ्या सांध्यात कळ जाते, आणि आवाज म्हणजे दुखणं असं डोक्यात बसतं. लॅब्राडोरमध्ये सांध्याचा त्रास नेहमी बघतो.

आणखी एक, सगळ्यांसाठी. दिवाळीत माझ्याकडे भाजण्याइतक्याच केसेस फराळाच्या येतात. बेसनाच्या लाडवातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून "एकच खाल्ला" म्हणून वाट बघत बसू नका. चॉकलेटच्या बॉक्सचंही तेच.

गुलबक्षी

डॉक्टर, गेल्या तीन वर्षांत वाढली. जिना चढताना तो मधे थांबतो, आम्ही वयामुळे समजत होतो. उद्याच नेते.

शेवंती

गुलबक्षी, क्षमा मागते. मी लिहिताना चिंगी डोळ्यांसमोर होती, तिच्यापेक्षा जास्त घाबरणारी कुत्री नव्हती.

रात्रपाळी, तुझं अर्धं म्हणणं मी मान्य करते. चिंगीही एकेकाळी तुझ्या त्या बावीसांमधलीच कुणीतरी होती. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी वॉचमनकाकांनी स्वतःहून चार रात्री पार्किंगचं गेट हातभर उघडं ठेवलं, कोपऱ्यात गोणपाट टाकलं, पाणी ठेवलं. पाच कुत्री येऊन झोपली. एकाही सभासदाची तक्रार आली नाही. पण उरलेलं अर्धं मला पटत नाही. कायदा आहे, तरी या वर्षीही बॉम्ब फुटणार आहेत. कायदा पाळला जाण्याची वाट बघत मी चिंगीला आणखी एक दिवाळी थरथरत ठेवू शकत नाही. तू भांडत राहा, अर्ज केलास तर मी सही करते. पण चिकनही उकडते.

रात्रपाळी

गेटचं आमच्याकडे विचारून बघते. बाकी मी माझ्या जागेवर ठाम आहे.

कसबेकर

आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आहे: चाळीमागच्या बोळात बॉम्ब लावायचे नाहीत, तिथे कुत्री असतात. सगळ्यांनी मैदानात यायचं. दोघांनी नाक मुरडलं. बघू.

घाटमाथा

शेवंतीताई, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला चार दिवस लागले. राजा दिवाळीच्या रात्री कुठे असतो हे मला सांगता येईना, म्हणून गड्याला विचारलं. तो म्हणाला, "मालक, तो गव्हाणीखाली जाऊन पडतो की. दोन दिवस भाकरीला तोंड लावत नाही." मला वाटायचं थंडी पडते म्हणून गोठ्यात जातो. बिबट्यावर भुंकणारं जनावर. दहा वर्षं माझ्या ध्यानात आलं नाही.

लाड करू नयेत हे माझं मत अजून आहे. राखणीचं कुत्रं घरात घेणार नाही. पण गव्हाणीखाली कडबा आणि पोती टाकून आडोसा केला आहे, आणि त्या रात्री मी गोठ्यातच झोपेन. तो फोनवरचा आवाज किती हळू लावायचा म्हणालात? आमच्याकडे चिकन रोज नसतं. सुकट चालेल का?

शेवंती

चालेल दादा, पण सुकट खारट असते. आधी पाण्यात भिजवून दोनदा धुवा, आणि चिमूटभरच. आवाज असा लावा की राजा मान उचलणार नाही, फक्त कान हलवेल. पहिल्या दिवशी फोन गोठ्याबाहेर ठेवा.