सांताची मान थरथरते त्याबद्दल

नाताळच्या देखाव्यातल्या तुमच्या हलत्या सांताची मान थरथरते आणि अर्डुइनो (त्याला चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) मधेच रीसेट होतो म्हणालात, त्यावर वर कुणी कोड बदला म्हणतंय. कोडला कशाला दोष देता ओ! मान हलवणाऱ्या सर्व्होला (सांगाल त्या कोनात फिरणारी छोटी मोटर) करंट पुरेना झालाय. एमजी९९६आर सर्व्हो अडकला की २ अँपिअरच्या वर ओढतो, यूएसबीतून मिळतो जेमतेम ०.५. सर्व्होला ५ व्होल्टचा वेगळा सप्लाय द्या. ग्राउंड (वजा बाजूची तार) मात्र दोन्हींचा एकत्र जोडा. हे विसरून मी अख्खी रात्र घालवलीय.

सांताच्या हाताला गाडीच्या वायपरची मोटर आणि क्रँकच (मोटर फिरली की हात मागेपुढे करणारा दांडा) बरा, गणपतीच्या हलत्या देखाव्यात असतो तसा.

आणि डोकं हलकं करा. येशूजन्माच्या देखाव्यातल्या माझ्या मेंढपाळाचं प्लास्टरचं होतं, दुसऱ्याच दिवशी मान लटकली. आमच्या कॅम्प भागातली पोरं म्हणाली, ३१ डिसेंबरला ओल्ड मॅनसोबत (सरत्या वर्षाचा जाळायचा पुतळा) ह्यालाही जाळूया की! मग कागदाच्या लगद्याचं केलं.