मदत हवी आहे: ५४ किलोंची मी, १७ किलोंची डाउनहिल सायकल. वजन कुठून उतरवू?

नमस्कार मंडळी,

मी नेरूळला राहते. सिडकोची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दिवाळीच्या सुमारास एक वापरलेली डाउनहिल (खडबडीत डोंगरउतारावर चालवायची) सायकल घेतली. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, २७.५ इंची चाकं, पुढे डबल क्राउन एअर फोर्क (हवेच्या दाबावर दबणारा, वर-खाली दोन ठिकाणी धरलेला), मागे कॉइल शॉक (स्प्रिंगचा), दोन्हीकडे २०० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे चाक तेवढं वर-खाली होतं. बॅगा तोलायच्या काट्याला टांगली तर १७.२ किलो भरली. म्हणजे माझ्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा खांद्यावर घेऊन मी दर रविवारी पहाटे जिना उतरते आणि दमून आल्यावर तोच जिना चढते.

चालवते मुख्यतः खारघरच्या डोंगरावर. सायकल वर नेऊन सोडणारं वाहन माझ्याकडे नाही, त्यामुळे डांबरी चढाचा थोडा भाग पेडल मारत आणि बाकीचा ढकलत. उतरताना सुटा मुरूम, मध्येच उघडा कातळ, आणि पावसाळा सरल्यावर पाण्याने खणलेल्या चरी. भर पावसात जात नाही. येऊरला राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतही सायकल घालत नाही, तेव्हा तिकडच्या वाटा कृपया सुचवू नका.

‘त्यापेक्षा ट्रेल बाइक (चढ-उतार दोन्हीला चालणारी हलकी सायकल) घे’ हे बऱ्याच जणांनी सांगितलं. मैत्रिणीची महिनाभर चालवली. चढाला सुख आहे, मान्य. पण घसाऱ्यावर पुढचं चाक लांब टाकणारी ही फ्रेम जो धीर देते, तो तिथे मिळाला नाही. मला हीच सायकल हवी आहे, फक्त माझ्या अंगाला बसणारी.

सुटे करून जे तोलता आलं ते असं: टायर डाउनहिल केसिंगचे (जाड कापडी थरांचे), एकेक १,२७० ग्रॅम. आत जाड ट्यूब, एकेक ३८० ग्रॅम. ११-४२ दातांची कॅसेट (मागची गिअरची चक्रं) ४४० ग्रॅम. फोर्क सुमारे २.८ किलो. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) लांबलचक आहे आणि फ्रेमच्या आत उगाच खाली गेलेली आहे. ब्रेक चार पिस्टनचे, रोटर २०३ मिमी.

एक चूक आधीच करून बसले आहे. १०० ग्रॅम वाचवायला एका दुकानातून बिननावाचा कार्बन हँडलबार आणला. दोन महिन्यांनी धूळ पुसताना स्टेमच्या (हँडलबार धरणाऱ्या भागाच्या) क्लँपलगत केसासारखी चीर दिसली. त्या दिवशी उतारावर नव्हते हे नशीब. तो कापून टाकला, कारण कोणाला दिला असता तर त्याने तो वापरला असता. पुन्हा जुना अ‍ॅल्युमिनियमचा लावला आहे. तेव्हापासून कुठलाही भाग हलका करायची भीती वाटते.

१४.५ किलोंपर्यंत जाता येईल का? आणि कुठे हात अजिबात लावू नये?

आणखी एक. खडकांवरून सायकल मला उडवते. ३ फुटांच्या पायरीवरूनही मागचा शॉक पूर्ण दबत नाही. त्याचा वजनाशी संबंध आहे का?

प्रतिसाद

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेतो. स्प्रिंगवर तिचा कडकपणा सांगणारे आकडे छापलेले असतात, ते सांगा. पूर्ण कपडे, हेल्मेट, पाण्याची बॅग घालून पेडलवर उभ्या राहा आणि शॉक किती मिलीमीटर दबतो ते मोजा. शॉकवर रबरी रिंग नसेल तर कोणाला तरी पट्टी धरायला लावा.

धागाकर्ती

स्प्रिंगवर ४५०, शॉकचा स्ट्रोक (तो जास्तीत जास्त किती दबू शकतो) ७५ मिमी. भावाने पट्टी धरली. १३ मिमी दबतो.

प्रतिसाद

मग तुमचा अर्धा त्रास वजनाचा नाहीच. ७५ पैकी १३ म्हणजे १७ टक्के सॅग (नुसत्या तुमच्या वजनाने शॉक दबणं). डाउनहिलला ३० टक्क्यांच्या आसपास हवा, म्हणजे २२-२३ मिमी. ४५० गुणिले १३ भागिले २२.५, उत्तर २६०. तुम्हाला २५० किंवा २७५ ची स्प्रिंग लागेल. आधीचा मालक चांगला धिप्पाड असणार. स्ट्रोक आणि आतला व्यास जुळवूनच घ्या. मऊ स्प्रिंग परत येताना कमी जोर लावते, म्हणून रीबाउंड (शॉक परत येण्याचा वेग ठरवणारी घुंडी) दोन-तीन क्लिक उघडावा लागेल, नाहीतर लागोपाठच्या खडकांवर शॉक दबलेलाच राहील. टायटॅनियमची स्प्रिंग आणखी हलकी असते, पण आधी साध्या पोलादी स्प्रिंगवर आपला आकडा पक्का करा. महागड्या स्प्रिंगवर अंदाज बांधू नये.

आता वजन. ट्यूब काढा, ट्यूबलेस करा. सीलंट (भोकं बुजवणारा द्रव), टेप, व्हॉल्व्ह धरून चाकामागे १२० ग्रॅम परत येतील, तरी दोन्ही मिळून अर्धा किलो सुटतो. तोही फिरणारा, चाकातला. रिम ट्यूबलेसची आहे ना, तेवढं पाहून घ्या. मागचा टायर तसाच ठेवा, आपल्या कातळावर मार त्यालाच बसतो. पुढे एक पायरी हलकं केसिंग चालेल, तुमच्या ५४ किलोंना नक्कीच. तिथे दोन-अडीचशे ग्रॅम. सीटपोस्ट कापा, पण किमान आत राहायच्या खुणेचा हिशोब ठेवून. कॅसेट मात्र ठेवा. ११-२८ ने दोनशे ग्रॅम वाचतील, पण आज जेवढा चढ पेडल मारून जाता तेवढाही ढकलावा लागेल.

सिंगल क्राउन फोर्कने अर्धा किलोच्या आसपास जाईल, पण तो आखूड असतो. दर १० मिमीला हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी कोन) साधारण अर्धा अंश उभा होतो आणि पेडल खाली येऊन दगडांना लागतं. ज्या धीरासाठी ही सायकल ठेवताय तोच विकल्यासारखं होईल. ब्रेक, रोटर, हँडलबार, स्टेमचे बोल्ट यांना हात लावू नका.

एकूण १६.३ च्या आसपास याल. १४.५ ला नवी चाकं आणि कार्बन फ्रेम लागेल, ती वेगळीच सायकल झाली.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. बेलापूरच्या एका सायकलवाल्या काकांकडे २७५ ची जुनी स्प्रिंग मिळाली. सॅग आता २१ मिमी. काल त्याच पायरीवरून उतरले, रिंग स्ट्रोकच्या टोकापासून ४ मिमीवर थांबली होती. मागचं चाक पहिल्यांदाच जमिनीला चिकटून चाललं. चरींमध्ये मी ब्रेक सोडू शकले, आजवर कधी सोडले नव्हते.

ट्यूबलेस दोन्हीकडे झालं. सीटपोस्ट ६ सेंमी कापली. काटा १६.६ दाखवतो. पुढचा टायर पुढच्या पगाराला.

आता पुढचा भाग मागच्यापेक्षा कडक वाटतोय. फोर्कचा सॅग उतारासारखं पुढे झुकून मोजायचा, की सपाटीवर सरळ उभं राहून? आणि हवा कमी केल्यावर फोर्क एकदम तळाला जाऊ लागला तर आत टोकन (हवेची जागा कमी करणारा प्लास्टिकचा तुकडा) घालायचं, की दाब थोडा वाढवायचा? नवी मुंबईत शॉक पंप कोणाकडे असेल तर शनिवारी संध्याकाळी येऊन मोजून जाईन.