पश्चिमेच्या भिंतीला ओल, दोनदा रंग मारून झाला, आता काय करू?

वारजेकर_४था_मजला:
मंडळी मदत करा. पुण्यात वारज्याला वरचा मजला, बिल्डिंग 14 वर्षं जुनी. बेडरूमची पश्चिमेची भिंत जुलै लागला की खिडकीखाली फुगते, पोपडे निघतात, पांढरी पूड पडते, आणि कपाट त्याच भिंतीला टेकून असल्यामुळे आत कुबट वास. मागच्या वर्षी आईच्या पैठणीवर बुरशी आली, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. दोन वर्षं ओळीने मे महिन्यात पुट्टी काढून रंग मारला, रंगवाला म्हणाला डॅम्पप्रूफ मारलाय आता काही होणार नाही. झालंच.

कोबा_काका:
रंगवाल्याला ओलीचं काय विचारता, तो रंगच सांगणार! पुण्यात पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या भिंतीला सरळ झोडपा बसतो. प्लास्टरच्या बारीक भेगांतून पाणी आत शिरतं. आतून कोटिंग मारलं तर ते पाणी अडकून रंगालाच ढकलतं. ती पांढरी पूड म्हणजे लोणा, भिंतीतून पाणी येऊन वाळलं की मागे उरलेले क्षार. बाहेरून भेगा भरून इलॅस्टिक कोटिंग करा, तेही भिंत पूर्ण वाळल्यावर, म्हणजे पावसाळा संपल्यावर.

दमट_घर:
काकांशी सहमत पण आधी हवेतला दमटपणा आहे का ते बघा. जिथे रंग सुटलेला नाही तिथे फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेतलं बाष्प, भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतूनच येतंय. आमच्याकडे बाष्प निघालं, कारण खिडक्या बंद करून घरातच कपडे वाळत घालायचो, एक्झॉस्ट सुद्धा लावायचो नाही. आणि कपाट भिंतीपासून 3-4 इंच पुढे ओढा, मागे हवा फिरू द्या.

सोसायटी_सेक्रेटरी_नको_रे:
खर्चाचं आधी बोला. आदर्श उपविधींप्रमाणे (हाउसिंग सोसायट्यांची नमुना नियमावली) पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या भिंती, कॉमन पाइप हे सोसायटीचं काम. आपल्या बाथरूम-सिंकची गळती मात्र आपल्या खिशातून. लेखी अर्ज द्या, फोटोसकट, आणि पोच घ्या. टेरेसचा संशय असेल तर आउटलेट बंद करून दोन-तीन इंच पाणी एक दिवस साठवून बघा, पण आत्ता पावसात नको, ऑक्टोबरात करा, नाहीतर कुठलं पाणी कुठे गेलं तेच कळणार नाही.

वारजेकर_४था_मजला:
प्लास्टिक लावून बघितलं, थेंब भिंतीच्याच बाजूला. कपाट ओढलं तर मागे भिंत काळी पडलेली. आणि खिडकी सरकवताना खाली बघितलं तर ट्रॅकमध्ये पाणी साचून राहिलेलं, बाहेरच्या बाजूची बारीक भोकं मातीने पूर्ण बुजलेली! तार घालून मोकळी केली तर दोन मिनिटांत ट्रॅक रिकामा.

कोबा_काका:
हाच तो. भोकं बुजली की ट्रॅक भरतो आणि पाणी खिडकीच्या कट्ट्यावरून आत येतं. आता कट्ट्याचा उतार बाहेर आहे का बघा, आणि वर छज्जा असेल तर त्याच्या खालच्या कडेला पागोळीची खाच आहे का तेही. खाच नसेल तर पाणी छज्जाच्या खालून मागे सरकत भिंतीपर्यंत येतं. भेगांचं काम राहीलच बरं का, भोकांनी सगळं सुटणार नाही.

वारजेकर_४था_मजला:
उतार आतल्या बाजूला आहे काका. अर्ज दिला, मीटिंग गणपतीनंतर. तोवर कट्ट्यावर जुना टॉवेल.